दुर्बीण आणि रविवार

मुंबईच्या इतिहासात एका वर्षाच्या अंतराने दोन सभा झाल्या. पहिली सभा १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयात भरली. ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, तीच ही वास्तू. सभेला आठ गृहस्थ होते. आपापल्या शिकारीच्या गोष्टी एकमेकांना सांगाव्यात, मिळवलेले पशुपक्ष्यांचे नमुने दाखवावेत, यासाठी त्यांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांतले दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दुसरी सभा तेथून जेमतेम दोन मैलांवर, परळला, सप्टेंबर १८८४ मध्ये भरली. तिथे आठ माणसे नव्हती, गिरणी कामगारांचा समुदाय होता आणि त्यांच्यापुढे नारायण मेघाजी लोखंडे उभे होते. रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा, कामावर जखमी झालेल्यास भरपाई मिळावी, अशा मागण्यांच्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या.

या दोन सभांचा एकमेकींशी काही संबंध जोडता येईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. आजही पुष्कळांना तो जोडणे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु आम्हांला तो जोडावासा वाटतो, आणि त्याला कारण आहे. गेली काही वर्षे आमच्या युनियनमधील दहापंधरा मंडळींना पक्षी पाहण्याचा छंद लागला आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून ही मंडळी शिवडीच्या धक्क्यावर, ऐरोलीच्या खाडीकाठी, कधी कर्नाळ्याच्या रानात जातात. एकाजवळ जुना कॅमेरा आहे, तिघांत मिळून एक दुर्बीण आहे. हे पाहून आमचे काही जुने सहकारी विचारतात, “हे साहेबी खूळ तुम्हांला कुठून लागले?” प्रश्न रास्त आहे. हा छंद साहेबाकडून आला काय, आला असेल तर आमच्यापर्यंत कसा पोचला आणि वाटेत त्याचे काय झाले, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

साहेबाच्या हातात प्रथम दुर्बीण नव्हती, बंदूक होती. पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा, कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि पेटीत ठेवायचा. हे क्रौर्य म्हणून नाही, शास्त्र म्हणून चाले. आणि त्या काळी दुसरा मार्गही फारसा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. या पंथाचा भारतातील मुकुटमणी म्हणजे ऍलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रसभेचा संस्थापक म्हणून त्याला आपण शाळेत ओळखतो. पण ज्या १८८५ साली डिसेंबरात मुंबईस राष्ट्रसभा भरली, त्याच साली ह्यूमने आपला पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नमुन्यांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात होती! अनेक वर्षे खपून लिहिलेली त्याची पक्ष्यांवरील हस्तलिखिते सिमल्यात एका नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली आणि साहेबाचे मन या विषयावरून उडाले. त्या नोकराला पुस्तकांतून अद्याप शिव्या बसतात. आम्हांला मात्र वाटते की, मालकाचे ज्ञान ज्या भाषेत होते ती भाषा नोकराला कोणी शिकवली असती, तर कागद रद्दीत गेले नसते. असो.

पण बंदूक पक्षी पाडते, त्याचे नाव सांगत नाही. नावे कोणी सांगितली? जर्डन नावाच्या लष्करी डॉक्टरने १८६२ ते १८६४ या काळात भारतीय पक्ष्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी आणि लॅटिन नावांबरोबर देशी नावेही नोंदली आहेत. ती नावे काही त्याला दवाखान्यात सुचली नव्हती. ती त्याला शिकाऱ्यांनी, पारध्यांनी, शेतकऱ्यांनी सांगितली. ज्याला आज छंद म्हणतात ते पाहणे या देशात कष्टकरी माणूस कामाच्या ओघात करीतच आला आहे. पुरावा हवा असेल तर आपल्या मराठी नावांकडे पाहावे. पाने शिवून घरटे करणारा तो शिंपी. खोडावर ठोके देणारा तो सुतार. भर दुपारी वडाच्या झाडावरून ‘टुक् टुक्’ असा भांडे ठोकल्यासारखा आवाज काढणारा तो तांबट. पाणवठ्यावर शेपटी आपटीत फिरणारा तो परीट, कोणी त्याला धोबीही म्हणतात. मारलेले किडे, सरडे काट्याला टोचून टांगून ठेवणारा तो खाटीक. आणि आपल्याहून मोठ्या घारीला, कावळ्याला हुसकावून लावणारा काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा तो कोतवाल. गावगाड्यातील बलुतेदार असे सगळे झाडावर बसले आहेत. सत्ता म्हणाल तर कोतवालापर्यंत पोचते. गिरणीमालकाच्या नावाचा पक्षी आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही.

ही नावे गमतीची आहेत, पण नुसती गंमत नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडी कशी पडते हे ज्याने रोज ऐकले, त्यालाच त्या पक्ष्याला तांबट म्हणणे सुचणार. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो हे पेरणीची वाट पाहणाऱ्यालाच ऐकू येणार. ज्ञान होते, पण ते कोणाच्या नावावर नव्हते. पुढे याच ज्ञानावर संस्थांची मोठमोठी कामे उभी राहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ च्या सुमारास पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांचे स्थलांतर शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा पक्षी इजा न करता पकडायचे कसे, हा पहिला प्रश्न होता. तो बिहारमधील मीरशिकारी जमातीच्या फासेपारध्यांनी सोडवला. पिढ्यान्‌पिढ्या विकण्यासाठी पाखरे धरणारे हात शास्त्राच्या कामी आले. अशा हातांची नावे शास्त्रीय पुस्तकांच्या प्रस्तावनेत क्वचित येतात, मुखपृष्ठावर येत नाहीत.

आता बंदुकीचे काय झाले ते पाहू. अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम नावाच्या तरुणीने १८८९ मध्ये एक पुस्तक लिहिले. नाटक पाहायला जाताना श्रीमंत बायका जी लहान दुर्बीण नेत, तीच घेऊन बागेत बसा आणि जिवंत पक्षी पाहा, असा त्याचा आशय. त्याच वर्षी इंग्लंडात काही स्त्रियांनी एकत्र येऊन टोपीवर पक्ष्यांची पिसे मिरवण्याच्या फॅशनीविरुद्ध मंडळ काढले. पक्षिरक्षणाची तेथील मोठी संस्था त्यातूनच उभी राहिली. या पिसांच्या व्यापारात भारतातील लक्षावधी पाखरांचा बळी जात होता; १९०२ साली सरकारने येथून पिसांची निर्यात बंद केली. अमेरिकेत नाताळच्या दिवशी दोन पक्ष पाडून, जास्त प्राणी कोण मारतो अशी शर्यत लावीत असत. १९०० च्या नाताळात फ्रँक चॅपमन याने सुचवले की, यंदा मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ माणसे निघाली. ती मोजणी अजून दर वर्षी चालते. दुसऱ्याच वर्षी एडमंड सेलूस या इंग्रजाने आपल्या पुस्तकाला ‘बर्ड वॉचिंग’ असे नाव दिले, आणि या नव्या छंदाला शब्द मिळाला.

परंतु नाटकाच्या दुर्बिणीतून फारसे काही दिसत नाही. लांबचे पाखरू जवळ, सरळ आणि उजळ दिसायला हवे, यंत्र गळ्यात अडकवण्याइतके आटोपशीर हवे आणि दोन्ही डोळ्यांनी पाहता आले पाहिजे. ही अडचण सुटली जर्मनीत, येना गावच्या झाइसच्या कारखान्यात. भिंगांमध्ये काचेचे लोलक बसवून किरणांची वाट आत दुमडायची, ही युक्ती इटलीच्या पोरोने १८५४ मध्येच शोधली होती. पण तसे निर्दोष यंत्र बनवून १८९४ मध्ये बाजारात आणले ते झाइसने, आणि त्यामागची बुद्धी एर्न्स्ट आबे याची. आज आमच्या तिघांच्या सामाईक दुर्बिणीवर ८ गुणिले ४२ असे आकडे आहेत. म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्पष्ट राहते. लोलकांचे ते तत्त्व आबेच्या वेळेपासून चालत आले आहे.

या आबेचे चरित्र आम्ही वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवावेसे वाटले नाही. तो आयझेनाखच्या एका सूतगिरणीतील कामगाराचा मुलगा. बाप दिवसाचे चौदा चौदा, सोळा सोळा तास उभ्याने राबे. लहानगा एर्न्स्ट आणि त्याची बहीण आळीपाळीने बापासाठी दुपारचे जेवण घेऊन जात. यंत्राला टेकून, उभ्याउभ्याच बाप ते भराभर पोटात ढकली, भांडे पोराच्या हाती देई आणि पुन्हा कामाला लागे. मालकाच्या मदतीने हा मुलगा शिकला, प्राध्यापक झाला, झाइसचा भागीदार झाला, आणि पुढे आपला वाटा त्याने सोडून तो कारखाना एका प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. १ एप्रिल १९०० पासून येनाच्या त्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. नऊचे आठ तास केल्याने काम घटले काय, हे आबेने कामगारांच्या कमाईचे आकडे मांडून तपासले. घटले नव्हते, किंचित वाढलेच होते. १९०१ मध्ये या विषयावर त्याने जी व्याख्याने दिली, त्यांत बापाच्या त्या जेवणाची आठवण त्याने सांगितली आहे. एकाच कारखान्यातून पक्षी पाहण्याची दुर्बीण निघाली आणि ती डोळ्याला लावण्यासाठी लागणारा वेळही निघाला. योगायोग म्हणा हवे तर. आम्ही आमच्या सभांतून ही गोष्ट सांगतो तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबते.

मुंबईत तो वेळ कसा मिळाला? १८८४ च्या अर्जावर लगेच काही झाले नाही. गिरणी सूर्योदयाच्या आगेमागे सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. पाखरे जेव्हा बोलतात त्या दोन्ही वेळा यंत्राच्या खडखडाटात जात. लोखंड्यांनी ‘दीनबंधू’तून लिहिले, सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणूनही लोखंड्यांनी तो मागितला असे सांगतात. सुट्टी मिळाली, पण इतर सहा दिवस लांबच राहिले. कायद्याने प्रौढ पुरुषाचा गिरणीतील दिवस १९११ मध्ये १२ तासांवर आला, १९२२ मध्ये ११ वर, १९३४ मध्ये १० वर, आणि १९४६ च्या कायदादुरुस्तीने आठवडा ४८ तासांचा झाला. या प्रत्येक तासामागे संप आहेत, उपासमार आहे, कित्येक ठिकाणी गोळीबार आहे. तो इतिहास दुसऱ्या एखाद्या वर्षी सांगू. येथे एवढेच की, छंद ही वस्तू आठवड्याचा हिशेब जमल्यावाचून कोणाच्याही घरी येत नाही.

रविवार आला आणि दुर्बीणही आली, पण मधला एक दुवा अजून हवा होता : साध्या माणसाला कळेल असे पुस्तक. अमेरिकेत ते १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसनने दिले. हाही कामगाराचाच मुलगा. त्याचा बाप स्वीडनहून आलेला, दहाव्या वर्षापासून कारखान्यात राबलेला. पोराने घरोघर वर्तमानपत्रे टाकून कॅमेऱ्यासाठी पैसे जमवले आणि पुढे फर्निचरच्या कारखान्यात कपाटांवर नक्षी रंगवण्याचे काम केले. त्याच्या पुस्तकाची युक्ती सोपी होती. पक्षी हातात न घेता, लांबून, कोणत्या एका खुणेने ओळखायचा, ती खूण बाण काढून दाखवायची. पहिली दोन हजारांची आवृत्ती हां हां म्हणता संपली.

आपल्याकडे आरंभ चांगला झाला होता. साताऱ्यास जन्मलेला, जकात व मीठ खात्यात नोकरी केलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकन ‘ईहा’ या नावाने लिही. त्याने १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर गोड पुस्तक लिहिले. व्हिस्लर या पोलीस अधिकाऱ्याचे पुस्तक १९२८ मध्ये आले. पण खरी क्रांती १९४१ मध्ये सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ने केली. सालिम अलींची पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे : खेतवाडीत राहणाऱ्या पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, मामाने त्याला ती घेऊन नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवले, आणि तेथे पेट्यांतील हजारो पक्षी पाहून मुलाचे आयुष्य ठरले. ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकी झाली आहे. आम्हांला त्यांच्या चरित्रातील दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो आमच्या धंद्यातला आहे.

सालिम अली १९२६ पासून मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये पगारी मार्गदर्शक होते. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली! जगातला एक उत्तम गुरू करून आलेला माणूस बेकार झाला. शहरात राहणे परवडेना म्हणून ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला घरच्या बंगल्यात जाऊन राहिले. जवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडी लावली, आडोसा केला आणि पावसाळ्याचे ते दिवस पाहण्यात घालवले. पाहता पाहता कळले ते असे : घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या येतात, लोंबून, ओढून, आत शिरून काम तपासतात. पसंत पडले तर मादी राहते आणि नर उरलेले घर पुरे करतो. मग लगेच तो शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरे घर विणू लागतो. नापसंत पडले तर अर्धवट खोपा तसाच लोंबत राहतो. १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. बहिणाबाईंच्या कवितेमुळे हा खोपा मराठी घराघरांत पोचलेला आहे आणि आपण विणणारीला सुगरण म्हणतो. विणकर मात्र बाप्या निघाला, तपासनीस बाई निघाली. आमच्या जुन्या गिरण्यांत कापडात खोट निघाली की विणकराला दंड होई, कधी ते कापडच त्याच्या गळ्यात मारीत. सुगरणीच्या खात्यात निदान दंड नाही.

पुढे सालिम अलींनी संस्थानांतून पक्ष्यांच्या पाहण्या केल्या, त्या पगार न घेता : माझा प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, एवढीच त्यांची अट असे. युनियनवाल्याला हा करार पसंत पडणे कठीण. पण ज्या देशात अशा कामासाठी पगाराची एकही जागा टिकत नव्हती, तेथे तो माणूस दुसरे काय करणार होता? १९८७ मध्ये नव्वदी ओलांडून ते गेले, तोवर त्यांच्या त्या पुस्तकाच्या आवृत्तीवर आवृत्ती निघत होत्या. १९५९ च्या अखेरीस झफर फतेहअल्ली यांनी मुंबईतून पक्षिनिरीक्षकांसाठी चक्रमुद्रित पत्रिका सुरू केली. गावोगावचे शिक्षक, कारकून, रेल्वेचे नोकर तीत आपल्या नोंदी पाठवू लागले. चक्रमुद्रणाच्या शाईने ज्यांची बोटे काळी झाली आहेत, त्यांना त्या पत्रिकेचे मोल वेगळे सांगायला नको.

छायाचित्राची कथा याच्या शेजारून चालते, तिच्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या तरुण मंडळींना कॅमेऱ्याचा ओढा जास्त. इंग्लंडात यॉर्कशरच्या थ्वेट खेड्यातले रिचर्ड आणि चेरी कर्टन हे दोघे शेतकऱ्याचे मुलगे. रिचर्ड नऊ वर्षांचा असताना घरटी शोधताना झाडावरून पडला आणि जन्माचा लंगडा झाला. पुढे शिकारीला आलेल्या एका प्रकाशकापुढे त्याने रानकोंबड्याच्या जातीच्या पक्ष्याची हुबेहूब नक्कल केली, त्यावर खूश होऊन त्याने रिचर्डला लंडनच्या कचेरीत नोकरी दिली. दोघे भाऊ कचेरीत खर्डेघाशी करीत आणि सुट्टीत घरटी धुंडीत. एप्रिल १८९२ मध्ये चेरीने एका घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले. तेव्हापासून या कलेचा आरंभ धरतात. १८९५ मध्ये त्यांचे घरट्यांवरचे पुस्तक सर्वस्वी छायाचित्रांनी सजून निघाले. कॅमेरा जड, काचेच्या तबकड्या त्याहून जड. पाखराला माणूस दिसू नये म्हणून १९०० मध्ये त्यांनी बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवून आतून पोकळ बैल केला आणि त्याच्या पोटात उभे राहून छायाचित्रे घेतली! आपल्या पोळ्याला हा बैल शोभला असता.

एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचा एक डोळा १९३७ मध्ये घुबडाने नख्या मारून फोडला. उरलेल्या एका डोळ्यावर त्याने आयुष्यभर काम केले. भारतात ईस्ट इंडियन रेल्वेतील लोथर या अधिकाऱ्याने नोकरी सांभाळून पक्षी टिपले, त्याचे पुस्तक १९४९ मध्ये आले. पण आमचे मन बसते ते मद्रासच्या एम. कृष्णन यांच्यावर. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग जोडून त्यांनी आपले यंत्र स्वतः बनवले होते आणि त्यातून घेतलेली कृष्णधवल चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. दर पंधरवड्याचे त्यांचे निसर्गलेखन १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालले.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा खर्च संपवला, आणि आता हप्त्यावर किंवा जुन्या बाजारातून मिळणाऱ्या कॅमेऱ्यानेही उडता खंड्या टिपता येतो. हे चांगलेच झाले. मात्र बंदूक खाली ठेवली म्हणून बंदुकीची वृत्ती गेली, असे समजू नये. पावसाळ्यात कोकणच्या ओढ्याकाठी तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून पिले वाढवतो. त्या बिळासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते, उजेड यावा म्हणून फांद्या छाटल्या जातात, दुसऱ्या पक्ष्याचा मुद्रित आवाज वाजवून नराला उघड्यावर आणतात. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो पिलांचा घास टाकून भांडायला धावतो. भिंतीवर टांगायला चित्र मिळते आणि बिळात पिले उपाशी राहतात. कर्टन बंधूंच्या काळी घरट्याचे चित्र ही नवलाई होती. आज घरट्याचे चित्र घेऊच नये, असा नियम जाणत्या मंडळींनी केला आहे आणि आमच्या गटातही तो पाळला जातो. ज्याला पाळायचा नसेल त्याने वेगळे जावे, असे आम्ही स्पष्ट सांगितले आहे.

यंत्र नसतानाही काय साधते, याचे एक उदाहरण युद्धाच्या काळातले आहे. जॉन बक्स्टन हा इंग्रज अधिकारी १९४० मध्ये नॉर्वेत जर्मनांच्या हाती लागला. युद्ध संपेपर्यंतची पाच वर्षे त्याने कैदी छावण्यांत काढली. काटेरी तारेपलीकडे रेडस्टार्ट नावाच्या लहान पक्ष्यांची जोडपी घरटी करीत. त्याचाच भाऊबंद थिरथिरा हिवाळ्यात आपल्याकडे येतो, शेपटी सतत थरथरवतो म्हणून तसे नाव. बक्स्टनने सोबतच्या कैद्यांच्या पाळ्या लावल्या आणि एकेका जोडप्यावर शेकडो तास नजर ठेवून नोंदी केल्या. १९५० मध्ये त्या नोंदींचे पुस्तक झाले. विशेष असे की, पक्ष्यांच्या पायांत घालायच्या कड्या या कैद्यांना बर्लिनहून श्ट्रेझेमानने पाठवल्या, म्हणजे ज्याच्याकडे सालिम अली शिकले त्याच गृहस्थाने, शत्रूच्या कैद्यांना, युद्ध चालू असताना. ज्यांनी तुरुंगात दिवस काढले आहेत, त्यांना या पाळ्या लावण्याचा अर्थ कळेल.

आता शिवडीकडे येऊ. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० नंतरच्या दशकात. त्याच सुमारास गिरणगावातले भोंगे एकामागून एक बंद पडत होते. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून रोहितांचा एक थवा मेला. सकाळी वस्तीतल्या लोकांनी ते गुलाबी देह गल्ल्यांतून गोळा होताना पाहिले. याच खाडीच्या काठावर मिठागरे, गोदामे, तेलाच्या टाक्या आणि झोपड्या आहेत. रोहित पाहायला जो मोटारीने येतो तो तासाभराने जातो. काठावर राहणाऱ्याला चिखल आणि पाखरे बारा महिने शेजारी आहेत. आमच्याबरोबर येणारे एक वयस्क सहकारी मिठागरात वाढलेले. पहिल्याच दिवशी एका तरुणाने त्यांना विचारले, “काका, आठ वाजले, पक्षी एवढे लांब का?” ते म्हणाले, “अरे, तू घड्याळ बघून आलास, ते पाणी बघून येतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तिकडे लांब खायला जातात. पाणी चढू लागलं की आपोआप काठाला सरकतात. दोन तास थांब.” दोन तासांनी तसेच झाले. त्यांनी पुस्तक एकही वाचलेले नाही. आता आम्ही त्यांच्याकडून खाडीकाठची नावे लिहून घेतो आहोत.

मोजण्याचे कामही चालते. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर जो मोठा अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे आणि त्याला आधार आहे तीस हजारांवर हौशी निरीक्षकांनी नोंदवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींचा. १७८ जातींकडे तातडीने लक्ष दिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. बिनपगारी श्रमावर एवढे मोठे काम उभे राहिलेले पाहून युनियनवाल्याच्या कपाळाला आठी पडते, पण या कामाला मुकादम नाही आणि हजेरीपट नाही, हेही खरे.

अडचण आहे ती वेगळी. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आज सर्वांचा राहिलेला नाही. विजेचा भार वाटून जावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या निरनिराळ्या वारी ठेवल्या आहेत. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ती गुरुवारी असते. कंत्राटी पहारेकरी आणि घरोघर सामान पोचवणारी पोरे यांची साप्ताहिक सुट्टी पुष्कळदा कागदावरच राहते. आमच्या गटातले दोघे रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. पिंगळ्याची आणि रातव्याची जेवढी नोंद आमच्या वहीत आहे, ती सगळी त्यांची. आणि खाडीचे वेळापत्रक तर कोणत्याच वाराला जुमानत नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणून या रविवारी पाखरे सकाळी काठाशी असली तर पुढच्या रविवारी त्या वेळी लांब चिखलात असतात. तेव्हा आम्ही असे ठरवले आहे की, भरतीचे कोष्टक आणि पाळ्यांचे कोष्टक युनियनच्या फळ्यावर शेजारी शेजारी लावायचे, आणि ज्याची सुट्टी ज्या वारी पाण्याशी जुळेल त्याने त्या दिवशी दुर्बीण न्यायची. येत्या आठवड्यात ती गुरुवारवाल्यांकडे आहे.